हप्ता, गोळी आणि घरातले सुख



या पानावर आम्ही नेहमी बीपी, शुगर, बाळंतपण, मुलांच्या लसी यांविषयी लिहितो. या वेळी वस्तूंविषयी लिहायचे आहे. फ्रिज, टीव्ही, मोबाईल, कपाट, सोफा. आरोग्याच्या पानावर सोफ्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. एका मावशींची हकीकत सांगतो, म्हणजे ध्यानात येईल.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही बीपी तपासतो. तिथे या मावशी यायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, चार घरची धुणीभांडी. बीपी १६०/१०० च्या खाली येत नव्हते. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली होती. आम्ही दर वेळी तेच सांगायचो. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, टेन्शन घेऊ नका. मावशी मान हलवायच्या. पुढच्या पौर्णिमेला बीपी पुन्हा तेवढेच.

एके दिवशी पहाटे त्यांचा मुलगा धावत आला. मावशींचे तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता. लकवा. जीव वाचला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. चारही घरची कामे सुटली.

पुढे त्यांना भेटायला घरी गेलो. विचारले, "मावशी, गोळी कधीपासून बंद होती?" बोलताना जीभ अडखळत होती, तरी म्हणाल्या, "तीन महिने झाले, सिस्टर. फ्रिजचा हप्ता सुरू झाला तवापासून."

हिशोब असा होता. फ्रिजचा हप्ता महिन्याला १,८००. त्याआधीचा टीव्हीचा हप्ता अजून संपायचा होता. वर गटाचे कर्ज, त्याचा दर आठवड्याला भरणा. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण रांगेत अर्धा दिवस जातो आणि कामावर खाडा पडतो. म्हणून त्या मेडिकलमधून दीडदोनशे रुपयांच्या गोळ्या आणायच्या. हप्ता जमेना, तेव्हा आधी गोळी बंद केली. हप्ता चुकला तर माणूस दारात येतो. गोळी चुकली तर कुणी विचारायला येत नाही.

यात आमचीही चूक आहे आणि ती कबूल केली पाहिजे. महिनोन्महिने आम्ही त्यांचे बीपी मोजले, पण घरात हप्ते किती आहेत हे एकदाही विचारले नाही. टेन्शन घेऊ नका म्हणालो, टेन्शन कशाचे हे विचारले नाही. म्हणून हा लेख.

वस्तू हवीशी वाटणे हा दोष नाही

"गरिबाला फ्रिज कशाला हवा?" असे बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी मात्र फ्रिज असतो. आम्ही तसे म्हणणार नाही. मावशींनी वीस वर्षे दुसऱ्यांचे फ्रिज पुसले. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्रीची भाजी सकाळपर्यंत आंबते, फेकून द्यावी लागते. घोटभर गार पाणी आपल्याही घरात असावे, असे वाटण्यात गैर ते काय?

शिवाय आपल्या समाजासाठी वस्तू ही नुसती वस्तू कधीच नव्हती. आपल्या आज्यापणज्यांना चांगले भांडे, चांगले कापड, सोने वापरायला बंदी होती. अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात नोव्हेंबर १९३५ मध्ये अस्पृश्य घरांतल्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तो आपला अपमान आहे असे समजून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही घटना नोंदवून ठेवली आहे. साधा हंडा, पण तो कुणाच्या डोक्यावर आहे यावरून मारहाण!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेही आठवा. अस्पृश्यतेची खूण सांगणारे जाड दागिने टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. अंगावर काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा त्यातला मुद्दा. पुढे १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले की, धर्माने गरिबीला पवित्र मानता कामा नये. म्हणून "असेल त्यात सुख माना" असे कुणी ऐकवले तर खाली मान घालून ऐकून घेऊ नका. आपल्याला नीट घर, चांगले जेवण, पंखा, संडास, मुलांना अभ्यासाला टेबल हे सगळे हवे आहे आणि तो आपला हक्क आहे.

आमचा प्रश्न एवढाच आहे. वस्तू घरात आली, पण तिच्या बदल्यात घरातून काय गेले?

संसारी माणसाची चार सुखे

बुद्धांनी श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला संसारी माणसाची चार सुखे सांगितली आहेत. अंगुत्तर निकायातले हे सुत्त आहे. अनाथपिंडिक भिक्खू नव्हता, व्यापारी होता, बायकामुलांचा माणूस होता. म्हणून हा उपदेश आपल्यासारख्या घरादाराच्या माणसांसाठीच आहे.

पहिले अत्थिसुख. कष्टाने, न्यायाने मिळवलेले आपल्याजवळ आहे याचे सुख.

दुसरे भोगसुख. मिळवलेले आपण वापरतो, खातोपितो, त्यातून दान आणि चांगले काम करतो याचे सुख.

तिसरे अनणसुख. 'अनण' म्हणजे ऋण नसलेला. कुणाचे थोडे किंवा फार देणे लागत नाही याचे सुख.

चौथे अनवज्जसुख. काया, वाचा, मनाने निर्दोष वागल्याचे सुख. चारांत हे सर्वांत मोठे.

यात बुद्धांनी वस्तूचे सुख नाकारलेले नाही, हे पाहून ठेवा. पहिली दोन सुखे वस्तूंचीच आहेत. पण त्यांच्या शेजारीच तिसरे, कर्ज नसण्याचे सुख ठेवले आहे. दुकानदार आपल्याला पहिली दोन दाखवतो आणि त्यांच्या किमतीत तिसरे काढून घेतो. मावशींच्या घरी फ्रिज आला, अत्थिसुख आले. अनणसुख गेले, आणि त्याच्यामागे गोळी गेली.

आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या आहेत. आमचे मत असे की, तिसरे सुख हे आरोग्याचे सुख आहे. ज्याच्या डोक्यावर देणे नाही, त्याला झोप लागते.

नवी वस्तू जुनी का होते?

टीव्ही आणला त्या दिवशी घरात पेढे वाटले, शेजारची मुले दारात उभी राहिली. महिन्याभराने तोच टीव्ही भिंतीचा भाग होऊन जातो. हा कुणा एकाचा स्वभाव नाही, माणसाच्या मनाची ही रीतच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात लॉटरी जिंकलेल्या २२ लोकांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. एवढा पैसा मिळूनही ते लोक इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा रोजच्या लहान गोष्टींतला आनंद त्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. मन नव्या गोष्टीला लवकर सरावते. सुख सरते, हप्ता मात्र बारा महिने चालतो.

दुसरे कारण शेजार. आपल्या वस्तीत भिंतीला भिंत लागून आहे. समोरच्या घरात काय आले ते दार उघडे असल्यामुळे दिसतेच. मुलगा विचारतो, "त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे, आपल्याकडे का नाही?" आईच्या काळजात कळ उठते. लग्नात तर विचारूच नका. आपला मंगल परिणय पांढऱ्या साडीत, हार घालून, वंदना घेऊन थोडक्यात आणि कमी खर्चात होऊ शकतो. पण मंडप, डीजे, आंदणातले कपाट आणि पलंग यांसाठी बाप कर्ज काढतो आणि मुलीचे पहिले बाळंतपण आले तरी ते फिटलेले नसते.

मात्र सगळ्या वस्तू सारख्या नाहीत. चूल जाऊन गॅस आला की बाईच्या छातीत जाणारा धूर थांबतो. पंख्याने झोप मिळते. झाकणाच्या पिंपाने डेंग्यूचा डास अंडी घालत नाही. कुकरने वेळ वाचतो. शिलाई मशिन चार पैसे मिळवून देते. अशा वस्तूंचे सुख लवकर जुने होत नाही, कारण त्या रोज कष्ट कमी करतात. लोकांना दाखवण्यासाठी घेतलेल्या वस्तूचे सुख लोक बघून गेले की संपते.

देणे अंगावर कसे उतरते?

भीती वाटली की शरीर धोक्याची घंटा वाजवते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर जास्त सुटते. कुत्रा मागे लागला तर हे उपयोगी पडते. कुत्रा गेला की घंटा बंद होते. वसुलीवाल्याची तारीख मात्र दर आठवड्याला येते, त्यामुळे घंटा पूर्ण बंद होतच नाही.

मग हे त्रास सुरू होतात. रात्री दोनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. डोके जड, मान आखडलेली, पोटात गॅस, जीव घाबरा होणे, मुलांवर विनाकारण ओरडणे. दवाखान्यात तपासणी केली तर बहुतेक वेळा "काही नाही" असे सांगतात. दरम्यान चहा वाढतो, तंबाखू-मिश्री वाढते, पुरुषांची दारू वाढते. डाळ, अंडी, भाजी कमी होते आणि पोट भरण्यापुरता भात उरतो. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खाते. शेवटी गोळी बंद होते. बीपी, शुगर बिघडण्याच्या या सगळ्या वाटा आहेत.

आणखी एक गोष्ट. कर्जात बुडालेल्या माणसाला लोक "अक्कल नाही" म्हणतात. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऊस निघण्याआधी, हात आखडता असताना, त्यांना काही कोडी सोडवायला दिली. उसाचे पैसे आल्यावर त्याच शेतकऱ्यांची पुन्हा परीक्षा घेतली. माणसे तीच, पण पैशाच्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांची उत्तरे जास्त चुकली आणि वेळही जास्त लागला. म्हणजे अक्कल कमी नसते. अकलेवर काळजीचे ओझे असते. म्हणून कर्ज घेण्याचा निर्णय घाईत, दुकानात उभ्याउभ्या, कधीच करू नये.

"फक्त दोन टक्के" म्हणजे किती?

समजा तुम्ही १०,००० रुपये बारा महिन्यांसाठी घेतले. समोरचा म्हणतो, "फक्त दोन टक्के महिना." वर्षाचे व्याज २,४००. एकूण फेड १२,४००, म्हणजे महिन्याला सुमारे १,०३३ रुपये. ऐकायला हे २४ टक्के वाटते. पण दर हप्त्यात तुम्ही मुद्दलही परत करत असता. सहा महिन्यांनी निम्मे मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज पूर्ण १०,००० वरच लावलेले असते. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर हाच दर वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातो.

"शून्य टक्के व्याज" असे खरे तर काही नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना सांगितले आहे. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, किंवा फाईलचा खर्च म्हणून वेगळे पैसे घेतले जातात. व्याज तिथे लपलेले असते. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारा. रोख दिले तर किती? आणि हप्त्याने शेवटपर्यंत एकूण किती जातील?

घरात आज काय करता येईल?

१. सगळे हप्ते एका कागदावर लिहा. कुणाचे, किती, कोणत्या तारखेला, कधी संपणार. मिस्टरांनी घेतलेले, मुलाने मोबाईलवरच्या ॲपमधून घेतलेले, गटाचे, भिशीचे, सावकाराचे, सगळे. बऱ्याच घरांत एकमेकांपासून लपवलेले कर्ज असते. ते बाहेर आले की भांडण होईल, पण त्या भांडणानंतर मार्ग निघतो. लपवलेले कर्ज तिसरे सुखही नेते आणि चौथेही.

२. गोळी आधी, हप्ता नंतर. पगार झाला की पहिल्यांदा महिनाभराचा औषधपाण्याचा आणि रेशनचा पैसा बाजूला काढा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तीस वर्षांवरच्या सर्वांची बीपी-शुगर तपासणीही मोफत होते. एकदम ३० दिवसांच्या गोळ्या मागा, म्हणजे महिन्यात एकच खाडा पडेल. ते जमत नसेल तर जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या स्वस्तात मिळतात. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बीपी वाढलेले बऱ्याचदा कळतच नाही.

३. जुना हप्ता संपल्याशिवाय नवा नको. एक कर्ज फेडायला दुसरे तर अजिबात नको.

४. मोठी वस्तू घ्यायची ठरली की एक पौर्णिमा ते दुसरी पौर्णिमा थांबा. तेवढ्या दिवसांत तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. ही वस्तू कुणाचे कष्ट कमी करते? शेजाऱ्याकडे नसती तर आपल्याला हवी वाटली असती का? एक महिना कामाला जाता आले नाही तर हप्ता कोण भरेल? महिनाभराने तीच वस्तू तेवढीच हवी वाटली तर खुशाल घ्या. शक्य असेल तर तो महिना हप्त्याएवढे पैसे डब्यात टाकून पाहा. डब्यात पडत नसतील तर हप्ताही भरला जाणार नाही.

५. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी साठवायचा. रोजंदारीच्या घराला चौथा भाग साठवणे जड जाईल, ते आम्हाला कळते. शंभर-दोनशेपासून सुरुवात करा. दुखणे आल्यावर सावकाराकडे जावे लागू नये, एवढ्यासाठी हा डबा.

६. वसुलीवाल्याला घाबरू नका, नियम माहीत करून घ्या. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे विनातारण कर्ज मिळते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास हे सगळे मना आहे. कर्जाची सगळी माहिती लिहिलेला कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. हप्ता खरोखर जमत नसेल तर गप्प राहू नका. चार बायका सोबत घेऊन कचेरीत जा आणि मुदत वाढवून मागा.

७. आपल्या गटात एखादीचा हप्ता थकला तर तिला सगळ्यांसमोर बोलू नका. आज ती आहे, उद्या आपण असू.

हे मात्र लगेच ओळखा

तोंड एका बाजूला ओढले जाणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लकव्याची लक्षणे आहेत. तेल चोळत बसू नका, बाहेरचे बघू नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताच्या गुठळीमुळे लकवा झाला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरातले कुणी देण्यापायी गप्पगप्प राहते, जेवत नाही, "मी गेलो की सुटाल" असे बोलते, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते. वस्तू परत देता येते, कर्जाला मुदत मागता येते. माणूस गेला तर परत आणता येत नाही.

मावशींचे आता

मावशींच्या मुलाने फ्रिजचे उरलेले हप्ते कसेबसे फेडले. फ्रिज चालू आहे, त्यात गार पाणी आहे. मावशी गोळी रोज घेतात. डाव्या हाताने भाजी निवडतात, उजव्या हाताचा व्यायाम करतात. मध्यंतरी त्या म्हणाल्या, "सिस्टर, फ्रिज वाईट नव्हता. टीव्हीचं फिटेस्तोवर थांबायला पाहिजे होतं, एवढंच."

आता पौर्णिमेला त्या आमच्या टेबलापाशी खुर्चीवर बसतात. आम्ही बीपीचा आकडा वहीत लिहितो आणि त्या समोरच्या बाईला विचारतात, "हप्ते किती हायत गं बाई?" आम्ही विचारले असते तर बायका लाजल्या असत्या. मावशींना सगळ्या खरे सांगतात. वहीत आम्ही बीपीच्या शेजारी हप्त्यांचा एक नवा रकाना केला आहे.

तुमच्या विहारात बीपी तपासणी होत असेल तर तुम्हीही असा रकाना करा. नसेल होत, तर पुढच्या पौर्णिमेपासून सुरू करा. आणि आज रात्री जेवणे झाली की टीव्ही थोडा वेळ बंद करून सगळ्यांनी मिळून तो कागद लिहायला घ्या.

नमो बुद्धाय, जयभीम.